एका पंक्तीचीं सात पानें

आमच्या घरांत देवघराच्या खालोखाल मान असेल तर तो जमाखर्चाच्या वहीला. वडिलांनीं ती वही आमच्या हातीं दिली, तेव्हां फारसा उपदेश केला नाहीं. ‘रोजचा खर्च रोज लिहावा, आणि जो खर्च लिहावयास लाज वाटते तो करूं नये,’ एवढेंच ते म्हणाले. यांतील दुसऱ्या वाक्याच्या आधारानें आम्हीं आजपर्यंत पुष्कळ मोह टाळले. पहिल्या वाक्याच्या बाबतींत मात्र आमची एक चूक वर्षानुवर्षें होत होती. आणि ती ध्यानांत येण्यास अशी एक रात्र यावी लागली कीं, तिची आठवण झाली म्हणजे अद्यापि आमची आम्हांलाच शरम वाटते.

चूक अशी कीं, दूध, वाणी, वीज, औषधें, वर्तमानपत्र या सर्वांना वहींत पान होतें, मोबाइलला नव्हतें. ज्याचा त्यानें आपला रिचार्ज करावा, अशी रीत कोणी न पाडतां पडून गेली होती. घरांत एकूण सात मोबाइल. एक आमचा, एक आमच्या कुटुंबाचा (हा शब्द आम्ही जुन्या अर्थानें वापरीत आहों; तरुण वाचकांनीं क्षमा करावी), एक धाकट्या बंधूंचा, एक भावजयीचा, एक कॉलेजांत जाणाऱ्या पुतण्याचा, एक सूनबाईचा, आणि एक काकूंचा. आठवा चिरंजीवांचा, परंतु त्याचें बिल त्यांची कचेरी भरते, म्हणून तो हिशेबांतून वजा. काकू म्हणजे आमच्या दिवंगत चुलत्यांच्या पत्नी. वय चौऱ्यांशीं. त्यांचा मोबाइल साधा बटणांचा. त्यावर बोलतां येतें, ऐकतां येतें, आणि रात्रीं विजेरीसारखा उजेड पाडतां येतो. याहून अधिक त्यांनीं त्याच्याकडून कधीं मागितलें नाहीं.

एके काळीं दूरध्वनि हा घरांतील सर्वांत सामाईक पदार्थ होता. नोंदणी केल्यापासून तो घरीं येईपर्यंत वर्षें लोटत. आल्यावर त्याच्यासाठीं एक तिवई, तिच्यावर काकूंनीं विणलेलें जाळीचें वस्त्र, आणि शेजारीं एक वही व दोऱ्यानें बांधलेली पेन्सिल, असा सरंजाम होता. कोणाचा निरोप आला, कोणीं परगांवीं फोन केला, सर्व त्या वहींत लिहिलें जाई. शेजारच्या चार बिऱ्हाडांचे निरोपही आमच्याच घरीं येत. तार करावयाची झाली तर वडील मजकुरांतले शब्द दोनदां मोजीत, आणि एखादा शब्द वांचला तर पोरांना तो मिळकतीसारखा दाखवीत. ती तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. आमच्या घरची तिवई तिच्या आधींच माळ्यावर गेली होती.

मग मोबाइल आला. ३१ जुलै १९९५ रोजीं पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योति बसु यांनीं कलकत्त्याहून दिल्लीस दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशीं या देशांतील पहिलें मोबाइल संभाषण केलें, तेव्हां हें प्रकरण आपल्या घराच्या उंबऱ्यापर्यंत येईल असें आम्हांस स्वप्नांतही वाटलें नव्हतें. त्या काळीं बोलणारालाही पैसे पडत आणि ऐकणारालाही पडत! २००३ मध्यें ऐकणें फुकट झालें. २० जानेवारी २०११ पासून क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची मुभा देशभर मिळाली. ५ सप्टेंबर २०१६ रोजीं जिओची सेवा सुरू झाली, आणि कांहीं महिने तर इंटरनेट फुकटच वांटलें गेलें. वस्तु दुर्मिळ होती तोंवर ती सर्वांची होती. स्वस्त झाल्याबरोबर ती ज्याची त्याची झाली. घरांतल्या सात खिशांत सात यंत्रें गेलीं, आणि वहींतलें पान बंद झालें. काटकसर म्हणून तारेचा जुना दूरध्वनिही आम्हींच काढून टाकला.

आतां त्या रात्रीविषयीं. २०२४ च्या डिसेंबरांत कोल्हापुरास आप्तांकडे लग्न होतें. सर्व मंडळी गेली. गुडघे दुखतात म्हणून काकू एकट्याच पुण्यास राहिल्या. थंडीचे दिवस; त्यांना दम्याचा जुना त्रास. रात्रीं दोनच्या सुमारास त्यांना धाप लागली. ओढावयाचें औषध संपलें होतें. त्यांनीं उशाचा मोबाइल घेऊन आमचा क्रमांक लावला, तों पलीकडून आमच्या आवाजाऐवजीं एका बाईचा गोड ध्वनिमुद्रित आवाज आला: आपल्या प्लॅनची मुदत संपली आहे. त्यांनीं पुन्हां लावला. पुन्हां तीच बाई. दरवाज्यापर्यंत जाऊन शेजाऱ्यांना हांक मारण्याचें बळ पायांत नव्हतें. त्या खिडकी उघडून खुर्चींत बसून राहिल्या. सकाळीं साडेसहाला मोलकरीण आली, तिनें शेजाऱ्यांकडून किल्ली घेतली, शेजाऱ्यांनीं डॉक्टर आणले. आम्ही दुपारीं पोंचलों तोंवर संकट टळलें होतें.

‘काकू, आम्हांला फोन कां नाहीं केला?’ असें आमच्या तोंडून निघून गेलें. त्या म्हणाल्या, ‘केला रे. लागला नाहीं. मला वाटलें, तुम्हीं मुद्दामच बंद केलात. म्हातारीला कशाला हवा, असें कुणाच्या तरी मनांत आलें असेल.’

त्यांच्या स्वरांत राग नव्हता, दुःखही नव्हतें. पंचांगांतील तिथि सांगावी तशा सहजपणें त्यांनीं तें सांगितलें. आणि म्हणूनच तें आम्हांला फार लागलें. संध्याकाळीं चौकशी केली. पुतण्याला वाटलें होतें कीं रिचार्ज वहिनी करतात. सूनबाईला वाटलें होतें कीं धाकट्या सासूबाई करतात. भावजयीला वाटलें होतें कीं आम्ही करतों. आणि आम्हांला तर कांहींच वाटलें नव्हतें. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण आपण ऐकतों. आमच्या एकाच घरांत सहा घरें झालेलीं होतीं व त्यांतला पाहुणा उपाशी राहिला होता. आदले दिवशीं मुदत संपली होती, एवढीच गोष्ट. तो रिचार्ज २९९ रुपयांचा होता.

दुसरे दिवशीं आम्हीं वहींत नवें पान काढलें, त्यावर ‘मोबाइल’ असें लिहिलें, आणि घरांतील सर्वांना एका सामाईक योजनेंत आणावयाचें असा निश्चय केला. एक बिल, एक तारीख, भरणारा एक. म्हणजे पुन्हां कोणीही उपाशी राहावयाचा नाहीं. अशा योजनांना कंपन्या ‘फॅमिली प्लॅन’ म्हणतात. एक मुख्य क्रमांक, त्याला जोडलेले कांहीं क्रमांक, आणि सर्वांमध्यें मिळून डेटाचा एक सांठा. ज्याला जितका लागेल तितका त्यानें त्यांतून घ्यावा. एकत्र कुटुंबांतील धान्याच्या कोठीची हीच तर रीत! आम्हांला ही कल्पना इतकी आपली वाटली कीं, कंपनीच्या कोणी अधिकाऱ्यानें आमच्या आजोबांच्या वेळचें घर पाहिलें असावें असा संशय आला.

परंतु कोठी भरण्यापूर्वीं घरांत खाणारीं तोंडें किती व भूक किती, हें पाहणें हा गृहस्थधर्म. तेव्हां आम्ही प्रथम चालू खर्चाच्या मागें लागलों. सातांपैकीं चौघांचा रिचार्ज ३४९ रुपयांचा व तिघांचा २९९ रुपयांचा. एकूण २,२९३ रुपये. मुदत २८ दिवस. येथें आम्हांस पहिला धडा मिळाला. आम्ही इतके दिवस बाराांनीं गुणत होतों. गुणावयास पाहिजे तेरांनीं. अठ्ठावीस दिवसांचे तेरा महिने झाले म्हणजे तीनशें चौसष्ट दिवस भरतात. आपल्या पंचांगांत अधिक मास सुमारें तीन वर्षांनीं एकदां येतो. मोबाइलच्या पंचांगांत तो दरवर्षीं येतो, आणि त्याचें वाण कंपनीला द्यावें लागतें. दूरसंचार नियामक प्राधिकरणानें जानेवारी २०२२ मध्यें प्रत्येक कंपनीनें निदान एक तरी तीस दिवसांचा पर्याय ठेवावा असा आदेश काढला. परंतु तो पर्याय मागणारास मिळतो, न मागणारास अठ्ठावीसच. तेरांनीं गुणतां आमचा वार्षिक खर्च २९,८०९ रुपये झाला. हा आंकडा वहींत लिहितांना वडिलांचें दुसरें वाक्य आठवलें.

दुसरा धडा त्याहून मौजेचा. आमच्या रिचार्जांत रोज दीड किंवा दोन जीबी डेटा मिळत असे, आणि रात्रीं बाराला त्या दिवशींचा उरलेला भाग बुडत असे. आम्हीं सर्वांना सांगून एक महिना ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्यें दिसणारी वापराची नोंद उतरवून घेतली. घरीं वायफाय असल्यामुळें मोबाइलचा डेटा लागतो तो फक्त घराबाहेर. महिन्याचा वापर निघाला तो असा: आम्ही ३ जीबी, आमचें कुटुंब ४, भावजय ५, बंधु १४, सूनबाई १८, पुतण्या ५०, आणि काकू शून्य. शून्य असणें क्रमप्राप्तच होतें, कारण काकूंच्या मोबाइलला इंटरनेट ठाऊकच नाहीं! सर्वांचा तो त्यांचा, या न्यायानें कोणीं तरी एकदां त्यांना रोज दीड जीबीचा रिचार्ज करून दिला, आणि तोच पुढें चालला. प्रत्येक रात्रीं बारा वाजतां त्यांच्या नांवचा दीड जीबी डेटा, ज्याचें अस्तित्वही त्यांना माहीत नव्हतें, मुकाट्यानें नाहींसा होत होता. अठ्ठावीस दिवसांत ४२ जीबी. ज्या बाईनें उभ्या जन्मांत पानांत भाताचें शीत टाकलें नाहीं, तिच्या नांवानें एवढी नासाडी आम्हीं केली.

२०२५ च्या प्रारंभीं आम्हीं ज्या योजना पाहिल्या त्यांपैकीं एक आम्हांस पसंत पडली. मुख्य क्रमांकाचे महिना ४४९ रुपये, जोड क्रमांक जास्तींत जास्त तीन, प्रत्येकीं १५० रुपये. सामाईक सांठा ७५ जीबी, व प्रत्येक जोड क्रमांकामागें आणखी ५. चौघांना मिळून ९० जीबी. सांठा संपला तर पुढें दर जीबीस १० रुपये. येथें तिसरा धडा. प्रीपेडचा जो दर छापलेला असतो त्यांत कर धरलेला असतो. पोस्टपेडच्या दरावर शेंकडा अठरा जी.एस.टी. निराळा पडतो. म्हणजे ८९९ दिसतात ते वास्तविक १,०६१ असतात. जाहिरातींतील आंकडा आणि बिलांतील आंकडा यांच्यामधील हें अंतर जो आधींच मोजील, त्याला महिना संपल्यावर चडफडावें लागणार नाहीं.

सात जणांच्या दोन पंगती कराव्या लागणार होत्या. एक चौघांची, दुसरी तिघांची. करासकट वर्षाचा हिशेब २३,३३६ रुपये आला. २९,८०९ मधून हे वजा जातां ६,४७३ रुपयांची बचत. शिवाय जबाबदारी एकाची. आम्हीं तो कागद जेवणानंतर सर्वांसमोर मोठ्यानें वाचून दाखविला. दोन्ही पंगतींचा मुख्य ग्राहक अर्थातच आम्ही. बाकीचे क्रमांक आमच्या नांवाखालीं नोंदले जाणार. बंधु म्हणाले, ‘दादा, उत्तम.’ भावजयीनें मान डोलावली. पुतण्यानें एवढेंच विचारलें कीं पन्नास जीबी मिळतील ना. आम्ही विजयी मुद्रेनें सुपारी कातरावयास घेतली, तोंच सूनबाई म्हणाली, ‘बाबा, हिशेब अगदीं बरोबर आहे. पण माझा नंबर माझ्याच नांवावर राहूं द्यावा, असें मला वाटतें.’

आम्ही म्हणालों, ‘अग, घर एकच आहे. नांवांत काय आहे?’

ती हंसून, पण मान खालीं न घालतां, म्हणाली, ‘नांवांत कांहीं नसेल, तर तें माझें राहायला हरकत नसावी.’

सासऱ्याच्या भूमिकेंतून पाहतां हें उत्तर उद्धट म्हणतां आलें असतें; परंतु तर्कशास्त्राच्या दृष्टीनें त्यांत दोष काढतां येईना, आणि म्हणून आमचा राग अधिकच वाढला. तिनें मग शांतपणें सांगितलें: हा क्रमांक ती कॉलेजांत असतां तिच्या वडिलांनीं तिला घेऊन दिला. बँक, कचेरी, आयकर, सर्वत्र तोच नोंदलेला. उद्यां कंपनी बदलावयाची झाली, सिम हरवलें, तर प्रत्येक वेळीं बाबांची सही व बाबांचें ओळखपत्र लागेल. ‘तुम्ही नाहीं म्हणणार नाहीं, हें मला माहीत आहे,’ ती म्हणाली, ‘पण विचारावें लागेल ना!’ आम्ही कांहीं बोललों नाहीं. रात्रीं आमचें कुटुंब दिवा मालवतांना एवढेंच म्हणालें, ‘अहो, तिचें बरोबर आहे. मला विचारायचा कंटाळा येऊन येऊन आतां विचारायचेंच आठवत नाहीं.’ चाळीस वर्षांच्या संसारांत हें वाक्य आम्हीं प्रथमच ऐकलें. झोंप लवकर आली नाहीं.

दुसरे दिवशीं काकूंना घेऊन कंपनीच्या दुकानांत गेलों. त्यांचा क्रमांक आमच्या नांवाखालीं आणावयाचा होता. समोरच्या मुलीनें यंत्रांत पाहिलें आणि जरा घुटमळून म्हणाली, ‘आजी, हा नंबर तुमच्या नांवावर नाहीं.’ तो काकांच्या नांवावर होता. काका २०१७ मध्यें गेले. आमच्या मोबाइलमध्यें देखील तो क्रमांक ‘काका’ याच नांवानें होता. काकूंचा फोन आला कीं पडद्यावर ‘काका’ अशीं अक्षरें उमटत, आणि गेलीं सात वर्षें तीं पाहूनही आम्हांला कधीं बदलावींशीं वाटलीं नव्हतीं.

काकू क्षणभर त्या मुलीकडे पाहत राहिल्या, आणि म्हणाल्या, ‘मग इतकीं वर्षें मी कुणाच्या नांवानें बोलत होतें ग?’

मुलगी हंसली, आम्ही हंसलों नाहीं. ती म्हणाली कीं काकांच्या मृत्यूचा दाखला व वारसाचें ओळखपत्र दिल्यास क्रमांक दुसऱ्याच्या नांवें करतां येईल. कोणाचें नांव घालूं? आम्ही खिशांतून आमचें आधारकार्ड काढूं लागलों. तेवढ्यांत काकूंनीं आमच्या मनगटावर हात ठेवला. ‘माझ्या नांवावर होत असेल तर कर रे,’ त्या म्हणाल्या. ‘घर ह्यांच्या नांवावर होतें, तें तुमच्या नांवावर झालें, तें योग्यच झालें. एवढें एक माझ्या नांवावर असूं दे.’

मग त्यांनीं त्या मुलीला आपलें संपूर्ण नांव सावकाश, एकेक अक्षर सुटें करून सांगितलें. आमच्या ध्यानांत आलें कीं तें नांव आम्ही कित्येक वर्षांनीं ऐकत आहों. घरांत त्या सर्वांच्या काकू, मोलकरणीच्याही काकू. आणि हें नांव तरी कोठलें? लग्नांत काकांनीं तांदळाच्या ताटांत अंगठीनें लिहिलेलें. माहेरचें निराळेंच होतें, आणि तें आम्हांस ठाऊकही नव्हतें.

एकत्र कुटुंबाच्या कायद्यांत ‘कर्ता’ असा एक शब्द आहे. मिळकत सर्वांची, कारभार कर्त्याचा. आमच्या आजोबांच्या पिढींत विधवेला या मिळकतींत आपला म्हणावा असा भाग नव्हता. १९३७ मध्यें डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या खटपटीनें कायदा झाला, तेव्हां तिला तो मिळाला, आणि तोही हयातीपुरता. देशभरच्या मुलींना मुलाच्या बरोबरीनें सहदायाद होण्यासाठीं २००५ साल उजाडावें लागलें. हा इतिहास आम्हीं वाचलेला होता, आणि प्रसंग पडल्यास त्यावर बोललोंही असतों. परंतु सुधारणा या गोष्टींचें असें आहे कीं, त्या कायद्याच्या पुस्तकांत लवकर होतात व सिमकार्डावर उशीरां. कोठी सर्वांची असावी हें आमच्या मनांत होतें तें प्रामाणिकच होतें. पण किल्ली आपल्याच कमरेला असावी, हेंही त्याच्यामागें लपलेलें होतें. काकूंच्या रात्रीच्या प्रसंगानें आम्हांला जी शरम वाटली, तिच्यावर आम्ही शोधलेला उपाय म्हणजे सर्वांना आमच्या हाताखालीं घेणें! रोग होता दुर्लक्षाचा. आणि औषध आम्ही देऊं पाहत होतों तें मालकीचें.

घरीं येऊन आम्हीं हिशेब नव्यानें मांडला. काकूंसाठीं एक चांगली सोय तेव्हां नुकतीच झाली होती. ज्यांना इंटरनेट नको, केवळ बोलावयाचें आहे, त्यांच्यासाठीं कंपन्यांनीं निराळे रिचार्ज ठेवावेत, आणि अशा रिचार्जांची मुदत वर्षापर्यंत असावी, असा नियम दूरसंचार नियामक प्राधिकरणानें डिसेंबर २०२४ मध्यें केला, व जानेवारी २०२५ पासून तसे रिचार्ज मिळूं लागले. काकूंना १,८४९ रुपयांत पुरें एक वर्ष मिळालें. पूर्वीं त्यांच्यावर वर्षास ३,८८७ खर्च होत होते, आणि तरीही ऐन वेळीं मुदत संपली होती. आतां पैसे निम्म्याहून कमी, व तारीख वर्षांतून एकदांच. काका ज्या तिथीस गेले ती कोणी विसरत नाहीं. तसा काकूंच्या रिचार्जचा दिवसही आम्हीं दिनदर्शिकेवर तांबड्या शाईनें लिहून टाकला.

काकू व सूनबाई वगळल्यावर दुसऱ्या पंगतींत पुतण्या एकटा उरला. एकट्यासाठीं ४४९ अधिक कर भरणें म्हणजे वर्षास ६,३५८ रुपये. त्याचा चालू रिचार्ज तेरांनीं गुणूनही ४,५३७ च. शिवाय रोजचे दोन जीबी रोज संपविण्याची त्याची ताकद आहे. त्याच्या पानांत कांहींच उष्टें राहत नाहीं. तेव्हां तो आहे तेथेंच राहिला. सूनबाईही आपल्या जागीं. सामाईक योजनेंत आम्ही दोघे नवराबायको व बंधु-भावजय असे चौघे गेलों. चौघांचा मिळून महिन्याचा वापर २६ जीबी, सांठा ९०. बंधूंना कामासाठीं एखादा महिना अधिक लागला तरी आम्हां तिघांच्या वांट्यांतून तो सहज भागतो, व आम्हांला त्याचा पत्ताही लागत नाहीं. सामाईक कोठीचें खरें सुख हेंच. मात्र मुख्य क्रमांक कोणाचा, हा प्रश्न या वेळीं आम्हीं आपण होऊन सर्वांपुढें ठेवला. बंधु म्हणाले, ‘वहिनींचा असूं द्या.’ बिल आतां आमच्या कुटुंबाच्या नांवानें येतें, आणि भरण्यापूर्वीं तें आमच्यापेक्षां अधिक बारकाईनें वाचलें जातें.

नवा एकूण हिशेब असा: चौघांचे १२,७३०, काकूंचे १,८४९, सूनबाई व पुतण्या मिळून ९,०७४. बेरीज २३,६५३ रुपये. पूर्वीच्या खर्चापेक्षां ६,१५६ नीं कमी. परंतु सर्वांना आमच्या नांवाखालीं आणण्याच्या आमच्या पहिल्या योजनेपेक्षां ३१७ रुपयांनीं जास्त.

ज्या घरांत अशीच सात-आठ यंत्रें आहेत, त्यांच्या उपयोगासाठीं चार गोष्टी येथें लिहून ठेवतों. योजना निवडण्यापूर्वीं एक महिना प्रत्येकाचा खरा वापर उतरवून घ्यावा. कंपनी किती देते यापेक्षां आपल्याला किती लागतें, हें अधिक महत्त्वाचें. महिन्याच्या नव्हे, वर्षाच्या आंकड्यांची तुलना करावी; २८ दिवसांस तेरांनीं गुणावें, पोस्टपेडांत कर मिळवावा. प्रत्येक क्रमांक कोणाच्या नांवावर आहे तें पाहावें. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या सोयीनें आपल्या नांवावर किती क्रमांक आहेत हें कळतें. आणि घरांतील वृद्धांचा क्रमांक चालू ठेवण्याचें काम ‘सर्वांचें’ न ठेवतां कोणा तरी एकाचें करावें. बंद पडलेला क्रमांक नव्वद दिवस गेल्यावर परक्या माणसास दिला जाऊं शकतो. बँकेचे व पेन्शनीचे निरोप त्याच क्रमांकावर येत असतात, हें विसरूं नये.

आमच्या लहानपणीं सणावारीं मोठी पंगत बसे. पानें सारखीं, पाट सारखे, रांगोळी सारखी. पण वाढणाऱ्या बायका प्रत्येक पानाशीं क्षणभर थांबत. कोणाला तिखट सोसत नसे, कोणाचा उपास असे, कोणाला दुसऱ्यांदा भात लागे. कोणीही न सांगतां तें त्यांना माहीत असे. त्या वाढणाऱ्यांत काकू पुढें असत. एका पंक्तीला बसले म्हणून सर्वांच्या पानांत एकच वाढावें, असें त्यांनीं कधीं केलें नाहीं. आणि आम्हीं मात्र त्यांच्याच पानांत चुकीचें वाढून ठेवलें होतें.

वहीच्या त्या पानावर सर्व आंकडे मांडून झाले. ते ३१७ रुपये कोणत्या सदराखालीं लिहावेत हें मात्र आम्हांला सुचेना. किरकोळांत घालावेत तर ते किरकोळ नव्हते. नुकसानींत घालावेत तर नुकसान कोणाचें झालें होतें? आम्हीं कुटुंबास विचारलें. गहूं निवडतां निवडतां वर न पाहतां उत्तर आलें, ‘मानपान म्हणून लिहा.’

तसें लिहिलें. इतक्यांत आमचा मोबाइल वाजला. पलीकडच्या खोलींतून काकू आपला फोन लागतो कीं नाहीं तें पाहत होत्या. पडद्यावर ‘काका’ हींच अक्षरें आलीं. आम्हीं फोन घेतला, ‘हो काकू, लागला’ असें सांगितलें, आणि लेखणी खालीं ठेवून प्रथम तें नांव बदललें.